चांगला शेवट

लंडन, मंगळवार, १४ नोव्हेंबर १८७१

प्रिय ऑगस्टा,

…आणि मी शेवटचं प्रकरण माझे प्रकाशक मिस्टर क्रॅडॉक यांच्या हातातून ओढून घेतलं. एक पान त्यांच्या अंगठ्याखाली अडकलं आणि फाटलं. "मिस फेनिक, कागदावर कशाला राग काढता?" ते म्हणाले. मी म्हटलं, कागद माझा आहे, अंगठा तुमचा. तो उचला.

भांडण दोन शब्दांवरून झालं. उन्हाळ्यात त्यांनी कळवलं होतं की या वेळी नायिका हट्टी मुलगी हवी आणि 'चांगला शेवट' हवा. रविवारच्या शाळेत मुलांना बक्षीस म्हणून वाटतात ती पुस्तकं मी इतकी वर्षं लिहिते आहे. आमच्या धंद्यात चांगला शेवट म्हणजे काय हे मला सांगायला नको. पांढरी उशी, खिडकीतून उजेड, सगळ्यांना क्षमा, एक स्तोत्र, आणि मुलगी गेली. या वेळी मी ते शब्द कोशात आहेत तसे घेतले. मुलीला ताप येतो, ताप उतरतो, ती उठते आणि भावाच्या वाटची खीर खाते.

"मुलगी बरी झाली!" मिस्टर क्रॅडॉक म्हणाले. घरात साप निघाल्यासारखा त्यांचा आवाज. "झाली ना," मी म्हटलं. "अहो, पण मी चांगला शेवट मागितला होता." मी म्हटलं, याहून चांगला मला सुचला नाही. "पाद्रीसाहेब हे पुस्तक कुणाच्या हातात देणार? मुलगी औषध थुंकते, वडलांना उलट बोलते, आणि वर जगते! बाकीच्या मुलींनी यातून काय घ्यायचं?" मी म्हटलं, त्यांनीही जगावं. मग ते मऊ झाले. ठीक आहे, मारू नका. पण पाठीला मार तरी बसू दे. वर्षभर अंथरुणाला खिळेल, शहाणी होईल, तेही खपतं. मी विचारलं, खाटकाकडे तुम्ही असंच बोलता का? मांडी नसेल तर नळी द्या? मागे त्यांचा कारकून खोकला. तो खोकला नव्हता.

पुस्तकातल्या मुलीचं नाव पेग. ती भावाचे बूट घालून चर्चमध्ये येते, कारण त्यांचा आवाज जास्त होतो. प्रार्थना चालू असताना विचारते की देवाला सर्दी होते का. कोंबड्यांना शेजाऱ्यांची नावं देते आणि मग त्यातली एक रविवारी ताटात आली की सगळ्यांसमोर नाव घेऊन रडते. तू ओळखलं असशील. नाव मी बदललं. बूट बदलले नाहीत.

माझी घरमालकीण मिसेस टफनेल प्रत्येक पुस्तक हस्तलिखितातच वाचते, हे तुला ठाऊक आहे. काल तिने कागद परत आणून दिले. "बाई, यात कुणीच मरत नाही. मी रुमाल घेऊन बसले होते," ती म्हणाली. जरा घुश्शातच होती. पण जाता जाता दारात थांबून विचारलं, "त्या पेगचं पुढे काय होतं हो?" माझ्या आजवरच्या एकाही पुस्तकाबद्दल हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. विचारणार कसं?

क्लार्कनवेलला मिसेस बारकम म्हणून एक विधवा बाई चित्रांची पुस्तकं छापतात. त्यांना पुस्तक हवं आहे. अट एकच, नाव पूर्ण घालायचं. आजवर मी 'अमुक पुस्तकाची लेखिका' एवढीच होते. "लपायचं असेल तर क्रॅडॉककडे जा," त्या म्हणाल्या. ऑगस्टा, माझं नाव घातलं की तुमच्या गावात पेग कोण हे पहिल्याच रविवारी कळेल. एडविन पाद्री, तू पाद्र्याची बायको. लोक तुझ्याकडे बघतील. याचा मी विचार केला आहे. नाव घालणार आहे.

गेल्या नाताळात तू लिहिलंस की बक्षिसं आता मिसेस ओल्डेकर वाटतात, तुला गुडघ्याचा त्रास आहे. माझी पुस्तकं पाठवू नकोस, असंही लिहिलंस. ऑगस्टा, गुडघ्याने पुस्तकं कुणी वाटत नाही. ईस्टरला मी आले तेव्हा आपण तिघं तुझ्या थिर्झाच्या थडग्यापाशी गेलो. एडविनने दगडावरचं शेवाळ पुसलं. 'शांतपणे निजली' ही अक्षरं नीट दिसू लागली तशी तू तोंड फिरवलंस आणि हवेबद्दल बोलू लागलीस. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तू चहाचं बघायला उठलीस. म्हणून लिहिते आहे. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

थिर्झा गेली त्या दुपारी तिच्या खाटेपाशी एडविनने स्तोत्र सुरू केलं, तू सूर धरलास, आणि थिर्झा किंचाळली. बंद करा म्हणाली, बापाच्या हातातलं स्तोत्रांचं पुस्तक उडवून लावलं. एडविन मात्र गात राहिला, कारण थांबावं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तू एप्रनमध्ये तोंड लपवून खोलीबाहेर गेलीस. तेव्हापासून तू धरून बसली आहेस की तुझी मुलगी देवाकडे पाठ करून गेली, तिचा शेवट चांगला झाला नाही. तू हे कधी बोलली नाहीस. पण मी तुझी बहीण आहे. आता नीट ऐक. तू बाहेर गेल्यावर तिने माझी बाही धरून मला खाली ओढलं. आवाज बसला होता, शब्द स्पष्ट होते. "मावशी, त्यांना गाऊ देऊ नकोस. पुस्तकात गाणं झालं की मुलगी मरते." एवढंच. ती देवावर रागावली नव्हती. तिला पुढे काय होतं ते माहीत होतं आणि ते तिला नको होतं. तिला जगायचं होतं, ऑगस्टा. यात पाप कुठे आहे ते एडविनला शोधू दे. पेगचा बापही स्तोत्र सुरू करतो. तीही म्हणते, बंद करा. माझ्या पुस्तकात बाप थांबतो. हे पुस्तक तुझ्या हाती पडण्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. परवानगी मागत नाही.

तुझीच,
लविनिया

बुधवार, सकाळ. मिसेस बारकमना हस्तलिखित देऊन आले. नावाचं स्पेलिंग त्यांनी विचारलं, ते मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. छापखान्यातल्या जुळाऱ्याने पहिल्या पानाचे शिशाचे अक्षरखिळे जुळवायला घेतले आहेत.