फोनमधलं गाऱ्हाणं

अहो,

प्रिय वगैरे आपल्यात कधी नव्हतं, आता तुम्ही गेल्यावर कुठून आणू? चतुर्थीला आठ दिवस उरलेत आणि तुम्हाला दोन गोष्टी सुनवायच्या आहेत, म्हणून चौथीपर्यंतचं अक्षर बाहेर काढलंय.

तुमचा फोन पडला. माझ्याच हातून. तुमच्या फोटोखाली चार्जिंगला लावला होता, हार बदलताना वायर हारात अडकली आणि फोन थेट लादीवर! काच फुटली. फोनसाठी रडणारी बाई मी नाही. पण गेल्या गणपतीत तुम्ही खोकत खोकत देवाला घातलेलं गाऱ्हाणं त्यातच रेकॉर्ड केलेलं आहे, आणि दुसऱ्या कुणाला ते येत नाही. इतकी वर्षं देवापुढे एकटेच बोललात. एकाला तरी शिकवायचं होतं ना?

चिंचपोकळी स्टेशनाजवळ नवी काच बसवली. घरी आणला तर उजेड येतो, पण बोटाला ढिम्म हलत नाही. नातीने, आपल्या स्वराने, बटण दाबून धरून बंद-चालू केला, कव्हर काढलं, काच पुसली. वर मलाच म्हणते, "आजी, तुझं बोट ओलं असेल." पदराला पुसून दहाही बोटं लावली. काही नाही!

परत दुकानात. तो म्हणतो, "मावशी, आतलं सगळं पुसून नव्याने चालू करावं लागेल."

"आधी तुझं काउंटर पूस," म्हटलं आणि फोन हिसकावून आणला.

मग स्वराने ऑफिसचा माऊस आणून एका छोट्या पिनेने फोनला जोडला. पडद्यावर बाण आला! "आजोबांचा पॅटर्न कुणाला माहितीये?" मला. पाठ फिरवून काढायचात ना? कपाटाच्या आरशात सगळं दिसायचं.

गाऱ्हाणं सापडलं. आधी ते स्वराच्या फोनमध्ये घेतलं, मगच तुमचा फोन दुकानात दिला. त्याने आतली पट्टीच नीट बसवली नव्हती. दाबून बसवली, बोट चालायला लागलं. आणि हा सगळं पुसायला निघाला होता!

दुपारी ऐकत बसले. "बा देवा म्हाराजा..." गावचा देव आला, मूळ पुरुष आले, भाऊ, मुलगा, सून, नात, शेजारच्या खोलीतला आजारी म्हातारासुद्धा! आणि मी कुठे? "घरातली बायकामाणसं" एवढ्यात? लग्न झाल्यापासून नैवेद्य कोण रांधत होतं? माझं नाव घेताना जीभ झिजली असती?

यंदा गाऱ्हाणं मीच घालणार, हे ऐकून परवा धाकटे भावोजी आले. "वहिनी, बाईमाणूस गाऱ्हाणं घालता काय?"

"मग तुम्ही घाला."

"माका येणा नाय."

"मग गप मागे उभं राहून 'व्हय म्हाराजा' म्हणा. तेवढं येतं ना?"

स्वरा हसून लोळली.

रोज पाठ करतेय. तुमचा शब्द न् शब्द ठेवीन, मध्ये खोकणार तेवढं नाही. तुमचं नाव आता मूळ पुरुषांच्या रांगेत जाईल. जन्मात कधी तोंडाने घेतलं नाही, ते देवापुढे मोठ्याने घेईन. आणि जित्यांची नावं सुरू झाली की पहिलं माझं. सगळ्या घराला त्यावर व्हय म्हणायला लावीन, हा माझा शब्द.

तुमची,
सुलोचना
(असं नाव आहे माझं. बघून ठेवा.)