अर्जातलं ‘आम्ही’

१२ जून, गुरुवार

परळच्या हॉस्पिटलात मी तीस वर्षं नर्स आहे, पण मेट्रन व्हायला आता नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी लागते. गेल्या खेपेला माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी त्या खुर्चीत बसली. बोचलंच. म्हणून आज कॉलेजचा अर्ज भरला.

लेक वाचून हसली. “अगं आई, सगळीकडे ‘आम्ही’? वॉर्ड तू सांभाळलास की वऱ्हाडाने?”

काय करू? कॉन्व्हेंट शाळेत नन इंग्रजी ‘आय’ने, म्हणजे ‘मी’ने, वाक्य सुरू करू देत नसत. पण ‘आम्ही’ला मेट्रन कोण करणार? एकेक खोडून ‘मी’ लिहिलं. बरं वाटलं, थोडी लाजही.

शेवटचं वाक्य होतं, ‘कोविडमध्ये आम्ही महिनाभर घरी गेलो नाही.’ माझ्या जोडीची कमल तर कधीच परतली नाही.

तिथलं ‘आम्ही’ खोडलं नाही. अर्ज तसाच पाठवला.