आधी चाक, मग गिअर

आबा, तुमचा घाटाचा गिअर मी काढला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं ऐकताना तुम्ही त्याच एका गोष्टीपाशी अडकून बसणार नाही. मागच्या ॲक्सलमध्ये तुम्ही स्वतः बसवलेली ती दातेरी जोडी, क्राऊन-पिनियन, मी गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवून, खाली पाठीवर झोपून, भर दुपारी बाहेर काढली. देवळात कुणी चपला घालून शिरल्यावर बघावं तसे काका माझ्याकडे बघत उभे होते. "आगं, त्यो गिअर तुज्या बापानं बसिवलाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच नट इतके घट्ट आहेत." ते हसले नाहीत. मला मात्र हसू आलं, आणि हे आपल्याला जमणार असं पहिल्यांदाच वाटलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते. तेव्हापासून तुमची गाडी गॅरेजच्या मागे पत्र्याखाली उभी होती. घाटात ती गाडी ज्यांनी पाहिली, लोहगडवाडीपर्यंत माणसं, भाजीच्या पाट्या आणि एकदा एक आजारी शेळीसुद्धा तिने वर नेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना ती तशी उभी बघवत नव्हती. पण हात कुणी लावला नाही. कारखान्यात नोकरी लागल्यावर माझे रविवार मी तिला दिले. इंजिन खोललं, बांधलं, पुन्हा खोललं. ती सुरू झाली त्याच आठवड्यात काका घरी आले आणि म्हणाले की मळवलीच्या एका बंगल्याच्या मालकाला त्यांनी शब्द दिलाय. मालकांना जुनी गाडी हिरवळीवर उभी करायची आहे. पाहुणे येतील, बॉनेटवर बसून फोटो काढतील. "रंग द्येनार हायती चांगला," काका म्हणाले. "इंजान आपल्याला ठिवून घ्या म्हनले. त्येंना नको हाय."

इंजिन नको आहे! आबा, तुम्ही असता तर तुम्ही तिथेच पान्हा खाली टाकला असता. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, ती मान वर न करता म्हणाली, "मग गाडी कशाला न्हेतायत, कोंबड्यांचं खुराडं न्या म्हनावं. त्यावर बी बसता येतं." पण काकांनी शब्द दिलेला. मग मी बोलले. डोंगरावरच्या विमानांच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होतात, दोन गाड्या शेजारी उभ्या करतात आणि हिरवा दिवा लागला की पळायचं. मी म्हटलं, मी तिथे ही गाडी पळवीन. काकांनी डोकं खाजवलं आणि शब्द मागे घ्यायला अट घातली. तिने एकदा तरी समोरच्याला मागे टाकायचं, आणि स्वतःच्या चाकांवर जायचं, स्वतःच्या चाकांवर घरी यायचं. "टेंपोवर घालून न्हेली तर ती गाडी न्हाई, त्ये सामान. सामान हिरवळीवर बी शोभतं." मी लगेच हो म्हटलं. अट चांगली होती. मला ती तुमच्या तोंडून आल्यासारखी वाटली, म्हणून जास्त चीड आली.

कारण त्या अटीत सगळी अडचण होती. धावपट्टीला एक गाडी लागते, रस्त्याला दुसरी. नुसतं पट्टीवर पळायचं असेल तर रबर इतकं मऊ घेता येतं की चाक डांबराला चिकटतं, पण ते चाक जुन्या हायवेवर महिनाभरात संपतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देतं. गिअरचंही तसंच. आखूड गिअर लावला की गाडी जागेवरून झेपावते, पण मग सरळ रस्त्यावर इंजिन किंचाळत राहतं. तुमचा गिअर तसाच होता, घाटाचा, दहा माणसं घेऊन पहिल्या दमात चढणारा. तुम्ही कायम म्हणायचात, "आदी गिअर बग, मंग चाकाचं काय बी चालतं." तुमच्यासाठी ते खरं होतं. तुम्हाला चाकं मिळायची ती ट्रकवाल्यांनी टाकलेली, पुण्याहून आलेली, कधी चारही वेगळ्या कंपनीची. निवड करायला तुमच्या हातात फक्त गिअर होता. माझ्या हातात दोन्ही आहेत. म्हणून मी उलट केलं. आधी चाक, मग गिअर. जमिनीला टेकतं ते चाक, गिअर नाही.

तरी पहिली चूक केलीच. फोनवर फोटो बघून मी उंच आणि रुंद चाकांच्या प्रेमात पडले. कारखान्यातले दोन मुलगे म्हणाले, मॅडम, मागची चाकं जेवढी मोठी तेवढी गाडी भारी दिसते. भारी दिसण्यासाठी तर बंगलेवाले तयारच होते! रविवारी फळ्यावर आकडे मांडले तेव्हा कळलं की चाक उंच केलं की एका फेऱ्यात ते जास्त रस्ता कापतं, म्हणजे गिअर न बदलताही तो लांबल्यासारखाच होतो. एका हाताने आखूड गिअर लावायचा आणि दुसऱ्या हाताने उंच चाक लावून तो खोडायचा, याला काय अर्थ? शिवाय ते मडगार्डला घासलं असतं. मी जुन्याच उंचीचं, थोडं रुंद, मऊ रबराचं पण खाचा असलेलं, रस्त्यावर चालणारं चाक घेतलं. मग त्याच्या मापाने गिअर निवडला. पाव मैलाची शेवटची रेघ तिसऱ्या गिअरच्या शेवटाला यावी आणि चौथा घरी यायला शिल्लक राहावा, एवढंच मला हवं होतं. तुमच्या गिअरने तिसरा रेघेच्या कितीतरी आधी संपत होता. म्हणून तो काढला. रागाने नाही काढला. हिशोबाने काढला. ठीक आहे, थोडा रागही होता.

राग कशाचा ते तुम्हाला माहीत आहे. मी सहावीत असेन. शाळा सुटल्यावर मी गॅरेजात येते, तुम्ही गाडीखाली आहात, नुसते पाय दिसतायत. तुम्ही आतून ओरडता, "खडू आन गं." मी शाळेतला खडू देते. तुम्ही एक रेघ चाकावर मारता, एक मधल्या शाफ्टवर, आणि मला म्हणता, फिरव चाक, मी शाफ्टचे फेरे मोजतो. मी एक फेरा देते. तुम्ही म्हणता, आनिक एक. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं आहे, म्हणून दोन फेरे द्यायचे, तेव्हा खरा गिअर कळतो. मला इतका आनंद होतो की मी तशीच खाली शिरते, तेल माझ्या कोपरापर्यंत येतं. आणि तुम्ही बाहेर येऊन माझे हात बघता. "काळं पुस्तकाला लागंल," तुम्ही म्हणता. आवाज मोठा नाही. "तू शिकायचं. हितं यायचं न्हाई. ह्ये हात मला पुना दिसले न्हाई पायजेत."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हवा मोजायचं ते पेनासारखं यंत्र दिलंत, खिशाला लावायचं. म्हणालात, फकस्त हवा बघायची, बाकी कशाला हात न्हाई. मी ते दप्तराला लावून शाळेत गेले आणि बाईंच्या सायकलची हवा मोजली. मला तेव्हा वाटलं तुम्ही माझ्यासाठी दार उघडं ठेवलंत. मोठी झाल्यावर वाटलं, तुम्ही दाराला फट ठेवलीत आणि त्यालाच दार म्हणालात. मी शिकले, आबा. आपल्या घरात पहिली पदवी माझी. तुमचा शब्द मी पूर्ण पाळला. पण शिकायचं म्हणजे हात पांढरे ठेवायचे, हे मी कधीच मान्य केलं नाही आणि करणार नाही. जे शिकले ते याच गाडीखाली झोपण्यासाठी उपयोगी पडलं. शिकलेली मुलगी गॅरेजच्या बाहेरच शोभते असं म्हणणं आणि चालती गाडी हिरवळीवर उभी करणं, यात मला फरक दिसत नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी आणि काका निघालो. भुशीच्या पुढच्या चढाला काका डॅशबोर्ड धरून बसले होते, गाडी अडेल म्हणून. ती अडली नाही. दहा माणसं नव्हती तिच्यात, दोनच होती. वर पोचल्यावर मी तुमच्या यंत्राने मागच्या चाकांतली हवा मोजून थोडी सोडली, म्हणजे रबर जास्त टेकतं. शर्यतीला आलेली पोरं हसत होती. एकजण म्हणाला, "ताई, लग्नाला आलात का? फुलं लावायची राहिली." काका म्हणाले, "फुलं तुज्याच गाडीला लावू, थांब जरा." मला बरं वाटलं. माझ्या विरोधातला माणूस तिथे माझ्या बाजूने भांडत होता.

दोन फेऱ्या मिळणार होत्या. पहिल्या फेरीत दिवा हिरवा झाला, मी क्लच सोडला आणि गाडी जागेवरच तिरकी झाली. उजवं मागचं चाक नुसतं गरगरलं. शेजारची गाडी निघून गेली. मी रेघ ओलांडली तेव्हा त्या गाडीचा माणूस हेल्मेट काढून पाणी पीत होता. वाटलं, गिअर चुकला. चाक चुकलं. पत्र्याखालचे सगळे रविवार चुकले. परत येऊन मी चाकाशी बसले आणि रबराच्या खाचेत मला बिया दिसल्या. आणि कुंकू.

"काका, हे काय आहे?"

काका दुसरीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "आगं, नवी चाकं हायती. लिंबू न ठिवता गाडी हलवायची व्हय? तुज्या बापानं एक बी गाडी तशी हलिवली न्हाई. दोन आनली हुती. दुसरं ठिवायला त्यो पट्टीवरचा शिट्टीवाला जवळ येऊ दिना."

मी हरले तर त्यांचा शब्द राहणार होता, आणि हा माणूस मला काही होऊ नये म्हणून चाकाखाली लिंबू ठेवत होता. एका चाकाखाली रस पसरला, त्याची पकड सुटली, आणि एक चाक सुटलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे जाते. गिअर बरोबर होता. मी इतकी ओरडले की लग्नाचं विचारणारा पोरगा बादलीभर पाणी घेऊन आला. चाक घासून धुतलं, फडक्याने कोरडं केलं. मग हात पुढे केला. "दुसरं लिंबू द्या." काकांनी खिशातून काढून दिलं.

दुसऱ्या फेरीला गाडी निघाली ती दोरी सोडल्यासारखी सरळ. दुसरा, तिसरा, आणि तिसऱ्याच्या शेवटाला, अगदी जिथे फळ्यावर काढली होती तिथे, रेघ आली. शेजारची पुण्याची नवी गाडी माझ्या मागे होती, फार नाही, बॉनेटभर. त्याने दिव्याला उशीर केला असेल. असू दे. मी केला नव्हता.

येताना चाकांत पुन्हा पंपाने हवा भरली आणि चौथा टाकला. जुन्या हायवेवर गाडी मुकाट चालली होती. काका बराच वेळ कान देऊन बसले. मग म्हणाले, "इंजान वरडत न्हाई." थोड्या वेळाने म्हणाले, "तुजा बाप आसता तर..." मी म्हटलं, "आबा असते तर मला गाडीत बसूच दिलं नसतं." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मळवलीच्या फाट्याला त्यांनीच सांगितलं, थांब जरा. ते बंगल्यावर जाऊन, दिलेला शब्द परत घेऊन आले. आईने गाडी दारात वळताना पाहिली आणि एवढंच म्हणाली, "हात धू."

मी धुतले नाहीत. या कागदाच्या कडेला डाग दिसतोय तो त्याचाच आहे. तुम्हाला तो हात पुन्हा दिसायला नको होता, म्हणून मुद्दाम ठेवलाय. हे पाठवायचं कुठे ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं. तुमचा गिअर तेल लावून, फडक्यात बांधून मागच्या सीटखाली ठेवलाय, हा कागदही तिथेच राहील.

आणखी एक. काकांना वाटतं की ते दुसरं लिंबू मी फेकून दिलं. मी ते पुढच्या चाकाखाली ठेवलं होतं. पुढच्या चाकांना ताकद जात नाही, तिथे चालतं.