बुधवारी भुऱ्याला हाक

मोरगाव,
सोमवार, २२ एप्रिल २०२४

चि. इंद्रजितला ताईचे अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप असशील. तुमच्या आसामात पाऊसही लागला असेल. इथं ऊन असं आहे की अंगणातली कळशी हातात धरवत नाही. कऱ्हा नदीत थेंब नाही. पुलाखालच्या डोहात तेवढं गुडघाभर पाणी उरलंय, त्यावरच सगळ्या माळाची भिस्त. सकाळी चिंकारा येतात, मग आपल्या शेळ्या, आणि सगळे गेले की खोकड येऊन अशा ऐटीत पाणी पितं, जसा काही सातबारा त्याच्याच नावावर आहे.

दर रविवारी तू फोनवर "भुऱ्या काय म्हणतो?" विचारतोस आणि माझी रेंज जाते. रेंज चांगली असते रे. फौजेत भरती झालास तेव्हा तू त्याला माझ्या हवाली केलंस, म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. भुऱ्या घरी नाही. दिवाळीपासून तो लांडग्यांत गेलाय.

हसू नकोस. माळावरचा नर लांडगा रस्त्यावर गाडीखाली गेला, मागं मादी एकटी राहिली. संध्याकाळी ती नदीच्या पलीकडं येऊन उभी राहायची आणि अलीकडं आपले चिरंजीव शेपूट हलवत. म्हटलं, चार दिवसांची हौस. तर हा घरजावईच झाला. तुझे दाजी म्हणाले, "शेळ्या राखाया ठिवल्याला कुत्रा, त्यानं लांडग्याशीच सोयरीक केली. आता कुनाला सांगायचं?" आठवडाभर आम्ही हसत होतो.

आता त्याला दोन पिल्लं आहेत. कान आईचे, छातीवरचा पांढरा पट्टा भुऱ्याचा. मी शेळ्या पाण्यावर नेल्या की भुऱ्या पळत येतो, माझ्या हाताला नाक लावतो, आणि पिल्लं त्याच्या मागं मागं. मादी लांब उभी राहते. मला भीती वाटत नाही, इंद्रा. खरं सांगू, कौतुकच वाटतं.

मागच्या महिन्यात लांडग्यांवर काम करणाऱ्या माधवी मॅडम घरी आल्या. बाई चांगली आहे. चहा घेऊन झाल्यावर म्हणाल्या, "विजयमालाताई, माळावर लांडगे मोजकेच उरलेत. कुत्र्याचं रक्त असंच मिसळत गेलं, तर काही वर्षांनी लांडगा म्हणून काही राहणारच नाही." त्यांचा बेत असा: भुऱ्याला आणि पिल्लांना पकडायचं, त्यांचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं आणि पुन्हा माळावर सोडायचं नाही. जन्मभर पिंजऱ्यात. मी भांडायला पदर खोचला होता, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग त्यांच्या माणसांनी पिंजरे लावले, आत मटण ठेवलं. भुऱ्या तिकडं फिरकलासुद्धा नाही. दाजी खूश. "कुनाला घावायचा न्हाय त्यो!" तेव्हा मॅडमनी मला हळूच विचारलं, "तो तुमच्या हाकेला येतो ना?"

परवा, बुधवारी सकाळी, मॅडमची माणसं जाळी घेऊन येणार आहेत. मी डोहाशी उभं राहून हाक मारायची. दाजी म्हणाले, "न्हाय म्हन की सरळ." नाही म्हटलं तर पुढच्या साली आणखी पिल्लं होतील, आणि मग लांडगे संपायला मीच कारण. मी हो म्हटलंय. त्यानं येऊ नये म्हणून देवाला नारळ बोलले, आणि तो येणार हेही मला ठाऊक आहे. मी बोलावलं आणि तो आला नाही, असं कधी झालंय? पिल्लं तर त्याच्या मागं येणारच.

मादीचं काय, ते मी विचारलं. "ती माळावरच राहील," म्हणाल्या.

कुत्रा तुझा. विचारायला तुलाच हवं होतं. पण फोनवर तू "ताई, नको" म्हणाला असतास आणि मग माझ्यानं झालं नसतं. टपाल तुझ्यापर्यंत यायला आठ दिवस लागतात, म्हणून पत्र लिहिलं. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा बुधवार होऊन गेलेला असेल.

रागाव, बोलू नकोस माझ्याशी. पण सुट्टीला घरीच ये.

तुझी,
ताई