धुतलेल्या चपला

प्रिय बाबा,

परवा आपल्या पानमळ्यात वेली उतरवल्या. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच. तिथे जे झालं ते कोणाला सांगावं हेच कळेना. दादा तिथे होता, पण त्याच्याशी असलं काही बोलायला गेलं की तो लगेच शेणखतावर येतो. म्हणून तुम्हाला लिहिते. अकोल्याहून मी मोबाइलवर एवढाले मेसेज पाठवायची आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन करायचे, "काय लिहिलं वं संगे? तोंडानं सांग ना!" आता तोंडानं सांगायची सोय तुम्हीच ठेवली नाही. तेव्हा वाचा.

आधी खरं ते सांगून टाकते. बाबा, तुम्ही गेले तेव्हा मला रडू आलं नाही.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. सकाळी तुम्ही ओट्यावर चहा पीत बसले होते. कप बशीत ठेवला, भिंतीला टेकले आणि संपलं. वहिनी ओरडली, दादा धावला. मी दारात उभी राहून चहावर साय धरताना पाहत होते. मग घर बायांनी भरलं. एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड वं बाई, मोकळी होय." मी तिला पाणी आणून दिलं. जाताना ती दुसरीला म्हणाली, "पोरगी दगड झाली." मला ते नीट ऐकू आलं आणि त्याचंही काही वाटलं नाही.

तळपाय तर आधीच बधिर होते. मला वाटलं, आता ते बधिरपण वरपर्यंत चढलं.

ते पाय कसे गेले, आठवतं ना? टीबी निघाला तेव्हा मी अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहून शाळेत शिकवत होते. साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी. दीड वर्ष औषध घ्यायचं. बेडक्याचा रिपोर्ट साफ आला, खोकला गेला, अंगावर जरा मांस चढायला लागलं आणि त्याच सुमारास तळपायांना काही कळेनासं झालं. एका गोळीचा प्रताप. डॉक्टरांनी ती बंद केली आणि म्हणाले, "हळूहळू येईल जाणीव. काहींना पूर्ण येते, काहींना नाही." मला कधी येईल, हे त्यांना सांगता येईना. एक मात्र त्यांनी बजावून सांगितलं, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. मग होळीच्या आधी दादा मला घ्यायला आला आणि आम्ही अकोटवरून एसटीने अंजनगावला आलो.

अनवाणी चालायचं नाही! आणि बाप कोण, तर ज्याच्या मळ्यात कोणाची चप्पल कधी आत गेली नाही तो. पानमळ्यात पायताण घालून कोणीच जात नाही, हे खरं. पण तुमच्याइतकं कडक कोणी होतं का हो? तहसीलदार आले तर त्यांनाही म्हणाले, "साहेब, बूट भाईर." बिचारे मोजे काढून चिखलात उतरले.

आणि माझं काय झालं? टीबीच्या कितीतरी आधी मला पाहायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही हौसेने मळा दाखवायला नेलं. मुलाचा मामा बूट काढेना. नवे होते, नाड्या कशाला सोडायच्या म्हणाला. तुम्ही फाटक लावून घेतलं. "मंग भाईरूनच पाहा." दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. बुटांच्या एका जोडापायी मोडलं माझं लग्न! मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. तसा तो मुलगा मला काही फार आवडला नव्हता, हे आज सांगते. तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही, म्हटलं राहू दे तुमच्या जिवाला खात.

तर घरी आल्यावर दोन दिवसांनी मी मळ्यात आले. डॉक्टरचं सांगणं तुम्हाला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. फाटकापाशी चप्पल काढली आणि आत शिरले, जशी लहानपणापासून शिरायची तशी. पायाखालची ओली माती मला कळली नाही. कापसाच्या गादीवरून चालल्यासारखं वाटत होतं. तुम्ही वेल बांधता बांधता मागे वळून पाहिलं आणि हातातल्या लव्हाळ्याच्या काड्या खाली टाकल्या.

"थांब! तुह्या पायातून रगत येऊन राहिलं ना वं!"

मी खाली पाहिलं. वाफ्याच्या कडेला माझ्या पावलांचे लाल ठसे फाटकापासून आलेले होते. कशावर तरी पाय पडला होता. मला पत्ताच नाही. तुम्ही मला पाटाच्या काठावर बसवलं, पाय धुतला, बोटाने दाबून विचारलं, "इथं? अन् इथं?" मी प्रत्येक वेळी नाही म्हणाले. तेव्हा तुमचं तोंड पाहवत नव्हतं.  तुम्ही रुमालाने पाय बांधून मला सायकलवर बसवून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून चपलांचा जोड आणला. निळ्या पट्ट्याच्या, साध्या रबरी. फाटकापाशी आपल्या हातांनी धुतल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"घाल अन् ये अंदर."

"बाबा, मळ्यात? चप्पल?"

"ह्या घरी न्यायच्या नाईत. मळ्यातच राह्यतीन. रोज मी धुऊन ठेवीन."

शेजारच्या मळ्यातले किसनकाका कुंपणावरून म्हणालेही, "दाजी, हे काय चालू केलं? तहसीलदाराले नाई सोडलं, अन् आता?" तुम्ही मानही वर केली नाही. "तहसीलदार माही पोरगी होता काय?"

मी काय केलं माहीत आहे? चपला घातल्या आणि आत जाऊन बसले. साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

रोजचं ठरून गेलं. सकाळच्या गोळ्या घेतल्या की मळा. फाटकाच्या बांबूवर चपला उलट्या अडकवलेल्या असायच्या, पाणी निथळावं म्हणून. सांजवेळी मी माझ्या सँडल घालून घरी निघाले की तुम्ही पाटाशी बसून त्या घासत असायचे. वेली ज्यांच्यावर चढतात त्या दोन उंच शेवऱ्यांमध्ये पोतं टाकून दिलं होतं, तिथे मी बसायची. बाहेर सातपुड्याकडून भट्टीसारखं ऊन यायचं आणि आत मात्र गार, हिरवा उजेड. लोक म्हणतील, किती छान! मला नुसतं हिरवं दिसायचं. भिंत दिसावी तसं.

वेलींची उतरण चालूच होती. शेवरीच्या शेंड्याला पोचलेली वेल सोडवायची, खाली घ्यायची, तिचं वेटोळं करून बुडाशी मातीत गाडायचं आणि तेवढा शेंडा वर ठेवून पुन्हा बांधायचा. लहानपणापासून पाहिलेलं काम. पण त्या वर्षी पाहताना मला कसंतरीच झालं. चांगली जिती वेल मातीत गाडायची? मी विचारलं, "हिला खाली मुळ्या फुटल्या की नाही, हे तुम्हाला कसं समजतं?"

"नाई समजत."

"मग?"

"मंग काय? पाणी देतो."

मला काही चैन पडेना. आठ-दहा दिवसांनी तुम्ही पाट फोडायला पलीकडे गेले आणि मी एक वेल उकरली. बारीक, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या आल्या होत्या. मी ओढून पाहिलं आणि त्या तुटल्या. तुम्ही येऊन पाहिलं. मला वाटलं, ओरडाल. तुम्ही माती सारखी केली आणि म्हणाले, "पाहून पाहून मारलं तू तिले." दोन दिवसांत तिचा शेंडा मान टाकून बसला. एवढ्या मोठ्या वाफ्यात तेवढी एकच गेली.

माझी पिनही तुम्हाला सापडली होती. रोज सकाळी पोत्यावर बसून मी तळपायाला सेफ्टी पिन टोचून पाहायची. इथे कळतं का, तिथे कळतं का. तुम्ही हात पुढे केला आणि मी मुकाट्याने पिन दिली. ती तुम्ही आपल्या बंडीला लावून टाकली. "हेही उकरूनच पाहणं आहे," म्हणाले.

त्या दिवशी मी चिडून विचारलं होतं, "तुमचा देवावर तरी विश्वास आहे का हो?" तुम्ही पानं खुडत होते. हातातली जुडी पूर्ण केली. मग म्हणाले, "देवाचं मले मालूम नाई. मी वेल गाडतो, पाणी देतो, अन् घरी जाऊन झोपतो. मले झोप लागते. आता याले तू काय म्हणशीन ते म्हण."

 त्यानंतर मी तुम्हाला पाहू लागले आणि तुम्ही जिकडे पाहायचे तिकडेही. वेलीचा शेंडा शेवरीला चिकटतो तिथे गाठीगाठीवर बारीक केस असतात, त्यांनी ती खोड धरते. पावसाळ्यात एका शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून त्यात घरटं केलं, तुम्ही ती पानं खुडलीच नाहीत. उन्हाचा कवडसा पानावर पडला की पानाच्या शिरा माझ्या हाताच्या शिरांसारख्या दिसायच्या. एक दिवस मी म्हणाले, "बाबा, हे चांगलं दिसतं." तुम्ही असे हसले, जसं काही मळा मीच लावला! चांगलं दिसतं एवढंच म्हटलं होतं मी. पण वर्षभरात ते माझं पहिलं 'चांगलं' होतं, हे तुम्हाला समजलं होतं, नाही?

आणि मग तुम्ही चहा पिता पिता निघून गेले. अहो, माझ्या गोळ्या तरी संपू द्यायच्या! एवढी कसली घाई होती?

त्यानंतर मी मळ्यात गेलेच नाही. घरात बसून रडायचा प्रयत्न करायची. तुमचा फोटो समोर धरून पाहिला. न्हाणीघरात नळ सोडून पाहिलं. तुमची बंडी नाकाशी धरली, तिला ती पिन तशीच होती. काही नाही. शेवटी अकोल्याला तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनाच विचारलं, "या गोळ्यांनी रडूसुद्धा बंद होतं का?" ते चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "असं तर कुठे लिहिलेलं नाही." मला वाटलं, लिहायचं राहून गेलं असेल. एका बापासाठी पोरीच्या डोळ्यांत पाणी येत नाही, तर मग ही बरी झालेली बाई कोण आहे? संक्रांतीला गोळ्या संपल्या, रिपोर्ट साफ आला, वहिनीने शिरा केला. मी दोन वाट्या खाल्ला.

परवा दादा म्हणाला, "संगे, उतरण आहे. माणसं मिळून नाई राहिली. येतं काय?" मी गेले.

फाटकावर चपला होत्या, बाबा.

बांबूवर उलट्या अडकवलेल्या. धूळ बसली होती, एका चपलेत कोळ्याने जाळं केलं होतं. पण तळाला चिखल नव्हता. तुम्ही गेले त्याच्या आदल्या सांजेला त्या घासून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी मी येणार म्हणून. पाच महिने दादा रोज त्यांच्या बाजूने आत जात होता. मी विचारलं, "तू काढल्या नाहीत?" तो म्हणाला, "बाबाईनं ठेवल्या व्हत्या. मी कावून काढू?"

मी तेव्हाही रडले नाही. मला वाटलं, आता तरी येईल. वाट पाहिली. नाही आलं. मग चपला घेऊन पाटाशी बसले, कोळी हळूच बाजूला सोडला, त्या घासून धुतल्या, घातल्या आणि आत गेले.

दिवसभर काम केलं. दादा वेल सोडवून खाली द्यायचा, मी वेटोळं करून गाडायची, शेंडा वर धरून ओल्या काडीने बांधायची. हातांना सगळं आठवत होतं. गाडलेल्या वेलीवर माती लोटून मी पुढच्या वेलीला जायची. मागे वळून पाहायचं नाही, एवढं ठरवलं होतं. वाफा संपत आला होता. दादा शेवरीवरून खाली वाकला आणि म्हणाला,

"संगे, रडून राहिली काय वं तू?"

"नाही तर."

"अवं, तोंड पाह्य ना!"

मी गालाला हात लावला. मातीचा हात ओला झाला. गळा, पदर, सगळं ओलं होतं. कधीपासून चाललं होतं देव जाणे. मला पत्ताच नाही!

दादा खाली उतरला. मला वाटलं, आता शेणखतावर बोलेल. तो माझ्याजवळ मातीत बसला आणि शेवटची वेल आम्ही दोघांनी मिळून गाडली.

बाबा, पाय अजून तसेच आहेत. डाव्या अंगठ्याला थोडं गार कळतं असं वाटतं, पण मी टोचून पाहिलेलं नाही. पिन तुमच्या बंडीलाच आहे, राहू दे तिथेच. मळा दादा आणि मी ठेवणार आहोत, ते ठरलं. चपला आता माझ्या मी धुते, सांजेला, आणि उलट्या अडकवून घरी येते. झोप अजून तुमच्यासारखी लागत नाही, पण लागते.

आणि एक कबूल करते. ज्या दिवशी पायाखालची ओल मला आपोआप कळेल, न पाहता, न टोचता, त्या दिवशी चपला फाटकावरच राहतील आणि मी अनवाणी आत येईन. तोवर तुमच्या मळ्यात पायताण चालवून घ्या. तुम्हीच सुरू केलं आहे ते.

तुमची,
संगी