तिसरा खड्डा

३ तारीख
आणि वर दादा म्हणतो, मी कुठेच टिकत नाही. अरे, हॉटेलात भांडी घासून हात सोलले तेव्हा टिकलोच होतो की. असो, आता बघेल म्हणावं. इथलं काम म्हणजे मजा आहे. चष्म्याचं दुकान विकून घरी बसलेले एक काका आहेत, गुडघ्यामुळे त्यांना जिना चढवत नाही. गच्चीवरच्या दुर्बिणीचं झाकण काढायचं, काच पुसायची, खाली येऊन चहा टाकायचा. स्वतंत्र खोली, जाड गादी. गादी बघून हसूच आलं.

७ तारीख
काकांनी समजावलं. आकाशात जोडतारे असतात, एकमेकांभोवती फिरतात. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड उतरतो. खाली कॉम्प्युटरवर त्याची रेघ उमटते आणि रेघेत खड्डा पडतो. एक खोल, एक उथळ. देशोदेशीचे हौशी लोक आपापल्या रेघा पाठवतात आणि जुळवून बघतात. मी म्हटलं, नवरा-बायकोसारखंच की, एक पुढे आला की दुसरा गप्प. काका हसले नाहीत. त्यांच्या रेघेत तिसरा खड्डा पडतो. कुठल्याही ताऱ्यावर दुर्बीण लावा, पडतोच. बाकी कुणाच्या पडत नाही. मंडळी टोमणे मारतात, आजोबा, दुर्बिणीवर कावळा पाळलाय का. काकांना फार लागतं ते.

१२ तारीख
काय आड येतं ते बघ म्हणून काकांनी काल मला गच्चीवरच बसवलं. ना ढग, ना पाखरू. मधेच अंधारी आली, तोंडावर कुणी गार ओलं फडकं ठेवावं तशी. मग गेली. सकाळी काका खूश. रेघेत दोनच खड्डे. स्वतः अंडी तळून वाढली मला.

१८ तारीख
रोज बसतो. रेघा स्वच्छ. मंडळींनी काकांची माफी मागितली. दुकानात पाव मागितला, तर दुकानदार माझ्या मागच्या बाईला विचारतो, काय देऊ ताई. ओरडलो तेव्हा दचकला. म्हणाला, उजेडात उभा राहत जा रे. भरदुपारी.

२१ तारीख
आरशात डावा गाल दिसत नाही. बल्ब बदलला. आरसा पुसला. गालच— तो खड्डा गेलेला नाही. दुर्बिणीऐवजी आता माझ्यावर पडतो. काकांना सांगितलं. जन्मभर लोकांचे डोळे तपासलेला माणूस, माझ्याकडे बघेना. म्हणाले, तुझ्याआधीचाही असाच कुरकुरायचा. तो कुठे गेला विचारलं. म्हणाले, असेल इथेच.

२२ तारीख
बॅग भरली. काका म्हणाले, उद्याचा तारा कित्येक वर्षांनी झाकला जाणार, तेवढी एक रात्र बस, मग खुशाल जा. दुप्पट पैसे आधीच हातावर ठेवले. रिकाम्या हाताने गेलो तर दादा— बसतो. एकच रात्र.

२३
जिन्याच्या खालच्या दाराला पलीकडून कडी. हाका मारल्या. काका खाली कुणाला तरी सांगतायत, रेघ सुरेख येतेय—
फडकं. जात नाहीये.
टॉर्च लावलाय. उजेड पडत नाही— हात—
रस्त्यावर माणसं आहेत. वर बघतात, पुढे जातात. पैसे वहीत घालून खाली टाकतोय. पत्ता पुठ्ठ्यावर आहे. दादा, तुला पाठवतोय, नीट मोजून घे, अठरा हजार सहा—