उडनागाचे डोळे

३ डिसेंबर, मंगळवार

साप दिसला! गोठ्यामागे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची रास आहे, तिथं. चुलीसाठी चार काटक्या ओढल्या आणि हा समोर. हातभर लांब. पळाला नाही. मी बघत राहिले, तोही. बघता बघता त्याचे डोळे पांढुरके झाले. आई लांबूनच ओरडली — दोन जिवांची बाई सापाकडे बघते का! म्हणे माझ्या नजरेनं तो आंधळा झाला. जळगावात चष्म्याच्या दुकानात मी दिवसाला वीस जणांचे डोळे तपासते, आजवर एकालाही आंधळं केलं नाही. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर पडदा येतोच, तिला सांगितलं. ऐकेल तर आई कसली! बाळंतपणाला साक्रीकडे माहेरी आले, आता हेही ऐकायचं.

५ डिसेंबर

तिथंच आहे. कात टाकली नाही. डोळे दुधासारखे पांढरे.

९ डिसेंबर

सहा दिवसांत मांडीएवढा जाड! भोवतालचं गवत करपलंय. कोंबड्या तिकडे फिरकत नाहीत. जळगावला नवीनला फोन केला तर नवरोबा हसले, फोटो पाठव म्हणाले. फोटोत नुसत्या पऱ्हाट्या येतात.

१० डिसेंबर

आईनं शेजारच्या धनसिंग आबांना बोलावलं. ऐंशीच्या पुढचे. त्यांनी रास पाहिली आणि खालीच बसले.

ते म्हणाले, उडनाग अंड्यातून येत नाही. गरोदर बाईच्या नजरेनं जो साप आंधळा होतो, तोच वाढत जातो. पंख फुटतात, श्वासात आग येते, पण डोळे नसतात. ते तो पोटातल्या पोराचे घेतो. पूर्वी डोंगरातली माणसं मुद्दाम पैदास करायची, राखणीला, एका डोंगराला एक. सातव्या महिन्यातल्या सुनेला बिळासमोर बसवायचं आणि बघ म्हणायचं. आबांच्या आईलाही बसवलं होतं! त्यांचा थोरला भाऊ सुपडू जन्मापासून आंधळा. अंगणात बसल्या बसल्या साक्रीचा बाजार सांगायचा — कुणाचा बैल विकला गेला, कुणाच्या छपराला भोक पडलंय. सगळं वरून पाहिलेलं.

मी विचारलं, आईचा चेहरा कधी दिसायचा का त्याला? आबा म्हणाले, "उडनाग देखे, तेच सुपडू देखे. मायनं तोंड कधीच नही."

मला हसू येईना.

१३ डिसेंबर

तालुक्याच्या दवाखान्यात गेले. बाळ छान आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, ते आत्ताच कसं सांगणार?

रास पेटवून देऊ म्हटलं. आबांनी हात जोडले. आगीनं तो अजून वाढतो म्हणे.

१६ डिसेंबर

भीती वाटते. खूप वाटते. लिहून तरी काय होतंय.

१९ डिसेंबर

आबांना विचारलं — पोराच्या ऐवजी आईचे चालतील का? त्यांनी राशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाई कोनी इचारंच नही, माय."

दुपारी राशीसमोर पाट टाकून बसले. वेड्यासारखी बोलले त्याच्याशी. म्हटलं, नजर माझी होती, माझेच घे. पोरानं अजून काही पाहिलेलंच नाही. त्यानं तोंड वर केलं. तव्याजवळ चेहरा नेल्यासारखी धग लागली. मी पापणी मिटली नाही.

२२ डिसेंबर

रास विस्कटलेली. तो नाही. छपराचे दोन पत्रे वाकलेत.

२७ डिसेंबर

मुलगा झाला! त्यानं डोळे उघडले. नर्सनं टॉर्च धरला तर पटकन मिटले. मिटले! मी हमसून रडले. मग नर्सला म्हटलं, दिवे का घालवलेत?

घालवले नव्हते.

२ जानेवारी

कागद चाचपत लिहितेय. ओळीवर ओळ पडत असेल, पडू दे. आज सकाळी आईनं बाळाला अंगणात कोवळ्या उन्हात ठेवलं आणि मला तो दिसला. पहिल्यांदाच! खूप वरून, पांढऱ्या दुपट्यात, मक्याच्या दाण्याएवढा. आनंदानं हसलेच मी. मग तो पेरूएवढा झाला. मग त्याच्या पापण्याही दिसायला लागल्या. मी किंचाळले. आई त्याला उचलून आत पळाली, कडी लावली.

तेव्हापासून मला फक्त आमचं दार दिसतंय. बाहेरून.